गोड झालेला अर्क

१

उंदराने मिश्या चाटल्या आणि डॉ. हैबतराव ओझरकरांच्या काळजात चर्र झालं.

यात चर्र होण्यासारखं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. उंदीर मिश्या चाटायचेच. पण हैबतराव फार्माकॉलॉजीचे प्राध्यापक होते आणि आत्ताच त्यांनी त्या उंदराच्या तोंडात कारवीच्या फुलांच्या अर्काचा थेंब सोडला होता. हा अर्क असा कडू, की एकदा चाखलेला उंदीर दुसऱ्या दिवशी हैबतरावांची चप्पल वाजली तरी भुशात तोंड खुपसायचा. आज मात्र तोच उंदीर मागच्या पायांवर उभा राहिला, त्याने सिरिंज दोन्ही पंजांत धरली आणि आणखी मिळेल का, अशा नजरेने तो प्राध्यापकांकडे पाहू लागला.

"सर, याला आवडलं," शेजारी उभी असलेली आरोही म्हणाली. ती हैबतरावांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. तिच्या आवाजातही धास्ती होती.

प्रयोगशाळेतली कुठलीही वस्तू तोंडात घालायची नाही, हे हैबतरावांनी पोरांच्या किती तुकड्यांना बजावलं असेल याला गणती नाही. ते आरोहीकडे पाठ करून उभे राहिले, स्टीलच्या डब्यात करंगळी बुडवली आणि जिभेला लावली.

काकवी होती. चांगली दाट, वेलदोडा घातलेली, उसाची काकवी. हैबतरावांना मधुमेह असल्यामुळे किती वर्षांत त्यांच्या जिभेला असं काही लागलं नव्हतं. संकट एवढं मोठं होतं तरी त्यांनी करंगळी दुसऱ्यांदा बुडवली, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

मग ते स्टुलावर मटकन बसले.

हैबतराव हिंजवडीजवळच्या माणचे. त्यांच्या भाऊबंदांनी जमिनी विकल्या, इमारती उठवल्या, आयटीतल्या पोरांना खोल्या भाड्याने दिल्या आणि लांबलचक गाड्या घेतल्या. हैबतरावांनी पीएच.डी. घेतली. गावाने त्यांना त्याबद्दल अजून माफ केलेलं नव्हतं. लग्न राहून गेलं. जन्म सगळा झाडपाल्यामागे गेला. एका मुळीने सूज उतरली, पण उंदीर दिवसभर घोरत पडले. एका सालीने त्यांना अशी भूक लागली की त्यांनी पिंजऱ्याचा तळ कुरतडला. एका पाल्याने काहीच झालं नाही, आणि काहीच होत नाही हे कळण्यात पाच वर्षं गेली. पौडच्या अलीकडच्या त्या कॉलेजात त्यांना मागून सगळे 'पालेवाले सर' म्हणत आणि समोर नुसतं 'सर' म्हणत.

आणि मग कारवी सापडली. ताम्हिणीच्या डोंगरउतारांवरची ही कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. गेल्या भाद्रपदात डोंगर जांभळा झाला तेव्हा हैबतराव परवानगीचे कागद खिशात घालून महिनाभर उतारावर घसरत होते. फुलं आणली, वाळवली, अर्क काढला, तो आटवून आटवून डबाभर राहिला. या अर्काने उंदरांच्या पंजांची सूज उतरत होती आणि उंदीर तरतरीत राहत होते. पण बाहेरून एक तज्ज्ञ बाई बुधवारी येणार होत्या. त्यांना हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. पटलं तर मोठी संस्था हे काम पुढे नेणार होती. नाही पटलं तर कारवी आणखी साडेसहा वर्षांनी फुलणार होती, आणि हैबतराव मे महिन्यात निवृत्त होणार होते.

आज सोमवार होता. अर्क गेला होता आणि त्याच्या जागी काकवी आली होती.

२

"पोलीस?" आरोहीने विचारलं.

"पोलिसांना काय सांगू? आमचं कडू चोरीला गेलं आणि चोर गोड ठेवून गेला?" हैबतराव म्हणाले. "आपण संशोधक आहोत. आपणच शोधू."

त्यांनी फळ्यावरचं जुनं पुसलं. कारस्थान उघड होतं. चोराने नुसता डबा उचलला असता तर चोरी लगेच कळली असती. त्याने रंगाला आणि दाटपणाला हुबेहूब जुळणारी वस्तू शोधून भरली होती. म्हणजे बुधवारी तज्ज्ञ बाईंसमोर उंदीर मिटक्या मारणार, पंजे तसेच सुजलेले राहणार आणि हैबतरावांची अब्रू जाणार. डोकं चालवणारा माणूस होता.

फ्रीजला कुलूप होतं. त्याची एक किल्ली हैबतरावांच्या खिशात असे. दुसरी कॅलेंडरमागच्या खिळ्याला टांगलेली असे, आणि ही गुप्त जागा सगळ्या कॉलेजला माहीत होती. फ्रीजच्या दारावर 'यात खाद्यपदार्थ ठेवू नयेत' अशी पाटी होती. त्यामुळे आत नेहमी लोणची, दही, कुणाचं तरी खोबरं आणि सणासुदीला श्रीखंड असे. शनिवारी मात्र हैबतरावांनीच आरडाओरडा करून फ्रीज साफ करवून घेतला होता. तज्ज्ञ बाईंनी दार उघडलं आणि आतून कैरीचं लोणचं निघालं, हे स्वप्न त्यांना दोनदा पडलं होतं.

"अर्क शेवटचा कधी पाहिला?" आरोहीने विचारलं.

"शुक्रवारी संध्याकाळी. काचेची बरणी तडकली म्हणून या डब्यात काढला. नवी बरणी स्टोअरमधून आणायची तर अर्ज, अर्जावर तीन सह्या. चहाच्या ओट्यावर हा डबा धुऊन पालथा घातलेला होता, तो घेतला. वर चिठ्ठी चिकटवली आणि फ्रीजमध्ये ठेवला."

"आता चिठ्ठी नाहीये."

"चोराने काढली," हैबतराव गंभीरपणे म्हणाले.

पहिली जबानी झाली ती फाटकावरच्या नथूची. मागच्या महिन्यात कुणीतरी हात धुवायच्या जागेचे पितळी नळ काढून नेले होते. तेव्हापासून नथू जाणाऱ्यायेणाऱ्याची पिशवी उलटीपालटी करून बघत असे. प्राचार्यांचा जेवणाचा डबाही त्याने एकदा उघडायला लावला होता आणि भाजी कशाची आहे हे सगळ्यांना सांगितलं होतं.

"शनिवारी कुणी काही दाट, काळपट बाहेर नेलं?" हैबतरावांनी विचारलं.

"न्हाई सर. एकबी पिशवी बघितल्याबिगर सोडली न्हाई म्या."

"एकही नाही?"

"तुमची तेवढी सोडून. तुमची कशाला बघू? तुमी काय नळ न्हेणार हाय का?"

हैबतरावांना हे बोलणं आवडलं. इतक्या वर्षांच्या सचोटीची कुणीतरी कदर करतंय, असं वाटून ते छाती काढून आत आले. म्हणजे अर्क कॉलेजच्या बाहेर गेलाच नव्हता. चोर आतलाच होता, माल आतच होता, आणि असं काही करणारा एकच माणूस हैबतरावांच्या डोळ्यांसमोर आला.

३

कौस्तुभ रसायनशास्त्र शिकवत असे. बावधनला राहायचा, गाडीतून यायचा, आणि रेणू हा प्रयोगशाळेत बनवलेलाच खरा, असं त्याचं ठाम मत होतं. स्टाफरूममध्ये तो हैबतरावांच्या देखत म्हणायचा, "सर, झाडं सावलीसाठी ठीक आहेत." दोघांचं हाडवैर नव्हतं, पण कारवीचा निकाल चुकला असता तर कौस्तुभने सगळ्यांना चहा पाजला असता.

"शनिवारी दुपारी तू माझ्या प्रयोगशाळेत होतास," हैबतराव आरोहीसह त्याच्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले. "आरोहीने तुला फ्रीजपाशी पाहिलं. तिला पाहताच तू काहीतरी पाठीमागे लपवलंस."

कौस्तुभचा चेहरा उतरला. त्याने उठून दार लावलं. आरोहीने हैबतरावांच्या बाहीला हात लावला. आता कबुलीच येणार असं दोघांनाही वाटलं.

"सर, हे बाहेर जाता कामा नये," तो म्हणाला. त्याने खण उघडला आणि कोपऱ्यातून एक बाटली काढली. आत काळपट, दाट काहीतरी होतं.

हैबतरावांनी बाटली हिसकावली, झाकण उघडलं आणि वास घेतला. जास्वंद, माका, आणि थोडा कापूर.

"केसांचं तेल?"

"आई बनवते," कौस्तुभ टेबलाकडे बघत म्हणाला. "उन्हाने खराब होतं म्हणून तुमच्या फ्रीजमध्ये ठेवायचो. इकडे टाळूवर थोडं... म्हणजे फरक पडलाय, सर. फोटो आहेत माझ्याकडे."

हैबतरावांना आयुष्यात क्वचित इतका आनंद झाला असेल. अर्क गेला होता, अब्रू जायच्या बेतात होती, पण रसायनशास्त्राचा माणूस झाडपाला डोक्याला चोळत होता. त्यांनी बाटली अदबीने परत ठेवली.

"पण मग शनिवारी लपवलंस काय?"

"हीच बाटली. पण गंमत अशी सर, की मी परत ठेवायला गेलो तर फ्रीज साफ करत होते, म्हणून तशीच टेबलावर ठेवून वर्गावर गेलो. येऊन बघतो तर बाटली माझ्या बॅगेत. कुणी ठेवली माहीत नाही. आईने झाकणावर माझं नाव लिहिलंय, त्यावरून ओळखली असणार. तेव्हापासून इथेच खणात लपवलीय. पहिल्यांदा आणली तेव्हा नथूने उघडून वास घेतला होता आणि मला भाव विचारला होता."

"तुझी बाटली कोण चोरतंय," हैबतराव म्हणाले आणि बाहेर पडले. जिन्यात मात्र त्यांची चाल मंदावली. काहीतरी खटकत होतं. कौस्तुभ सुटला होता, आणि आता यादीत जी उरली ती त्यांच्याशेजारीच चालत होती.

४

"आरोही," हैबतराव प्रयोगशाळेत आल्यावर म्हणाले, "तू गेल्या आठवड्यात तीनदा फोन घेऊन बाहेर गेलीस. मी आलो की लॅपटॉप मिटतेस."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हैबतराव घाबरले. उंदीर कसा धरायचा हे त्यांना माहीत होतं, पण रडणाऱ्या मुलीपुढे काय करायचं हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. त्यांनी तिच्यापुढे टिपकागद केला.

"मला हिंजवडीत नोकरी लागलीय, सर. औषधांच्या चाचण्यांची आकडेवारी बघायची. तुम्हाला बुधवारनंतर सांगणार होते. आता सांगितलं असतं तर तुमचा जीव दोन्हीकडे टांगला असता." तिने डोळे पुसले. "आणि मी अर्क कशाला घेईन? माझा प्रबंध त्याच अर्कावर आहे. मी माझ्याच पायावर धोंडा कशाला मारून घेऊ?"

हे निर्विवाद होतं. हैबतरावांना शरम वाटली. ज्या मुलीने कारवीच्या उतारावर त्यांची छत्री, पाण्याची बाटली आणि एकदा स्वतः त्यांनाही ओढून वर आणलं होतं, तिच्यावर त्यांनी संशय घेतला होता. ते तसं म्हणालेही. आरोही हसली आणि म्हणाली, "जाऊ द्या सर. पण शनिवारी माझ्याही बाबतीत तसंच झालं. माझ्या लोणच्याची बरणी फ्रीजमध्ये होती, ती माझ्या टेबलावर आली. झाकणावर नाव होतं माझं."

हैबतराव थांबले.

कौस्तुभची बाटली कौस्तुभच्या बॅगेत. आरोहीचं लोणचं आरोहीच्या टेबलावर. फ्रीज नुसता साफ झाला नव्हता. कुणीतरी आतली एकेक वस्तू घेऊन, तिच्यावरचं नाव वाचून, ज्याची त्याला पोचवली होती. मग रसायनांच्या बाटल्यांत एकटा उभा असलेला स्टीलचा डबा त्या माणसाला काय वाटला असेल? आपल्याकडे स्टीलच्या डब्यात खायचंच असतं. त्यात अर्क ठेवणारा माणूस वेडा असायला हवा.

"चिठ्ठी चोराने काढली नाही," ते हळूच म्हणाले. "थंडीने स्टील ओलं झालं आणि डिंक सुटला. चिठ्ठी आपोआप पडली."

आरोहीने वाकून फ्रीजच्या तळाशी हात घातला. भाजीच्या खणामागे चिठ्ठी होती, ओली, गुंडाळी झालेली.

"म्हणजे डबाही ज्याचा त्याला गेला," ती म्हणाली. "पण हा डबा कुणाचा, सर?"

हैबतरावांनी चष्मा लावला आणि डबा उजेडाकडे धरला. शुक्रवारी घाईघाईत त्यांनी चिठ्ठी चिकटवली होती, बरोबर तिच्याखाली, लग्नातल्या भांड्यांवर असतात तशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं कोरलेली होती. 'चि. सौ. कां. साळूबाई, माण.'

साळूबाई ही हैबतरावांची सख्खी थोरली बहीण.

५

रत्नाबाई प्रयोगशाळेत झाडलोट करत, चहा करत आणि उंदरांचा भुसा बदलत. धरणापलीकडच्या वाडीतून त्या रोज एसटीने येत. हैबतरावांनी त्यांना बोलावलं तेव्हा त्या पदराला हात पुसत आल्या.

"रत्नाबाई, शनिवारी फ्रीज तुम्ही साफ केला?"

"व्हय. तुमीच म्हनला, खान्याचं ज्याचं त्याला द्या. दिलं म्या."

"आणि साळूबाईचा डबा?"

"तुमच्या पिशवीत घातला की." त्या हैबतरावांकडे जरा काळजीने बघू लागल्या. "आक्कांचाच डबा त्यो. संक्रांतीला तिळाची वडी धाडली व्हती त्यांनी मला त्यात. म्या धुवून ठिवला व्हता, काय तरी घालून परत द्यायचा म्हून. रिकामं भांडं कसं धाडनार? नाचनीचं पीठ आणनार व्हते. तर शनवारी बघतीया, डबा फ्रीजात, आन् तोंडापतूर भरलेला. म्हनलं, सरांनीच भरला आपल्या बहिनीसाठी. नाचनी ऱ्हायली माजी."

हैबतरावांना आता दिसलं. गेली कित्येक वर्षं त्यांच्या स्कूटरच्या हुकाला एक कापडी पिशवी लटकलेली असे. त्या पिशवीतून साळूबाईकडून रत्नाबाईंना आणि रत्नाबाईंकडून साळूबाईला काही ना काही जात-येत असे. वड्या यायच्या, त्याच डब्यात रानातल्या करवंदांचं लोणचं जायचं, लोणच्याच्या डब्यात पुन्हा पोहे यायचे. दोघी बायका एकमेकींना दोनदाच भेटल्या होत्या. पण डबा रिकामा परत करायचा नाही, हे दोघींनी पाळलं होतं. त्यामुळे हा व्यवहार कधी संपणं शक्यच नव्हतं. आणि मधे ने-आण करणारे, पिशवीत काय आहे हे कधीही न बघणारे, ज्यांची पिशवी नथूही तपासत नाही असे, स्वतः डॉ. हैबतराव ओझरकर होते.

"म्हणजे अर्क मीच बाहेर नेला," ते म्हणाले.

"आणि काकवी तुम्हीच आत आणली," आरोही म्हणाली. तिने ओठ दाबून धरले होते.

"आज सकाळी पिशवी रिकामी केली तर त्यात त्योच डबा," रत्नाबाई म्हणाल्या. "म्हनलं, मला धाडला आसंल. पर शनवारचा म्या दिलेला तसाच भरलेला दिसला. मग म्हनलं, सर न्यायला इसरले न् तसाच परत आनला. म्हून व्हता तितं ठिवला. खायचं ठिवू नका म्हनता आन् सोताच ठिवता. मोठ्या मानसांना कोन इच्यारनार?"

हैबतरावांनी घड्याळ पाहिलं नाही. ते स्कूटरकडे धावले. साळूबाईच्या हातात शनिवारपासून तो अर्क होता, आणि साळूबाई कुठलीही वस्तू स्वयंपाकघरात पडून राहू देणाऱ्यातली नव्हती.

६

माणमध्ये ओझरकरांची पाच मजली इमारत होती. खालच्या मजल्यावर साळूबाई आणि हैबतराव, वर सगळे भाडेकरू. नवरा वारल्यावर साळूबाई माहेरी आली आणि तेव्हापासून भाडेकरूंचे कपडे कुठल्या दोरीवर, गाड्या कुठे आणि पाहुणे किती वाजेपर्यंत, हे सगळं तिच्या हुकमाने चालत असे. हैबतराव आले तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून लसूण सोलत होती.

"आक्का, शनवारी डब्यात काय व्हतं, ते कुटं हाय?" कॉलेजातली मराठी हैबतरावांनी घराच्या फाटकाबाहेरच ठेवलेली असे.

"ते कडू?" साळूबाईने तोंड वाकडं केलं. "मी जराशी चव बघितली, अजून जीभ ठिकानावर न्हाई. त्या बाईनं पिरमानं धाडलंय, टाकू कसं? वास औषधावानी आला, म्हून बरनी उकळून घेतली न् त्यात वतलं. आन् डबा रिकामा कसा धाडू, म्हून कासारसाईची काकवी भरली. आज सकाळी तुज्या पिशवीत घालून धाडली. पोचली का तिला?"

"उंदराला पोचली. आक्का, बरनी कुटंय?"

"फ्रीजात. निम्मी हाय."

"निम्मी?"

"लिलाबाईनं खरवस धाडला व्हता. तिचं भांडं रिकामं देऊ?"

लिलाबाई दोन घरं पलीकडे राहत. हैबतराव चपला न घालताच निघाले. कंपनीच्या उभ्या गाड्यांच्या रांगेत, दोन पांढऱ्या मोटारींच्या मधोमध, लिलाबाईंची म्हैस बांधलेली होती. तिच्या पुढच्या पायावर काळपट जाड लेप वाळला होता. सात वर्षांतून एकदा येणारी फुलं, भाद्रपदातला अख्खा महिना आणि आटवण्यातल्या रात्री त्या लेपात होत्या. म्हैस शांतपणे रवंथ करत होती.

"पाय सुजला व्हता तिचा," लिलाबाई म्हणाल्या. "आमी जीभ लावली, लई कडू. म्हनलं कडू हाय म्हंजी औषधच आसंल. थापलं सगळं."

हैबतराव गुडघ्यांवर बसले. त्यांचा हात आपोआप म्हशीच्या पायाकडे गेला. सूज साफ उतरली होती. दोन्ही पायांचा घेर सारखा होता. इतक्या मोठ्या जनावरावर अर्क कधी कुणी वापरला नव्हता. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"सूज कधी उतरली, लिलाबाई? लावल्यावर किती वेळानं?"

"आज सकाळी. माज्या पोरानं, सुनीलनं, काल डाक्तर बी आनला व्हता, त्यानं दोन सुया मारल्या."

हैबतराव तसेच खाली बसून राहिले. एवढा मोठा प्रयोग झाला होता आणि त्यातून काहीही सिद्ध होत नव्हतं. मग ते उठले, लिलाबाईंना नमस्कार करून परत निघाले आणि साळूबाईच्या फ्रीजमधून निम्मी बरणी काढून दोन्ही हातांनी छातीशी धरली. बुधवारपुरतं त्यात होतं. चांगलं राहिलं असेल का, ते मात्र अजून कळायचं होतं.

७

मंगळवारी आरोहीने तपासलं. अर्क तोच होता आणि बिघडलेला नव्हता. पहिला थेंब तोंडात जाताच उंदराने मान झटकली, कोपऱ्यात जाऊन पाठ फिरवली, आणि हैबतरावांचे डोळे भरून आले.

बुधवारी तज्ज्ञ बाई आल्या. कडक होत्या. उंदीर त्यांनी स्वतः निवडले, कुणाला अर्क आणि कुणाला नुसतं पाणी हे हैबतरावांना कळू दिलं नाही, पंजे स्वतः मोजले. दुपार कलल्यावर त्यांनी आकडे उघडले. अर्क मिळालेल्या उंदरांची सूज निम्म्याहून खाली आली होती, पाणीवाल्यांची जशीच्या तशी होती. बाईंनी ते दुसऱ्यांदा तपासले. मग म्हणाल्या, "काम पुढे न्यायला हवं. कागदपत्रं पाठवा." कौस्तुभने सगळ्यांना चहा पाजला आणि आपण खूश आहोत हे कुणाला कळू नये म्हणून साखर कमी असल्याची तक्रार केली.

संध्याकाळी हैबतराव घरी आले तेव्हा साळूबाई पलंगावर पाय लांब करून बसली होती. गुडघे कणकणत असले की ती अशी बसे. हल्ली रोजच बसत होती.

"झालं का तुजं?"

"झालं, आक्का. औषध खरं निघालं. सूज उतरती."

साळूबाईने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. तिच्या भावाने इतकी वर्षं काय केलं, हे तिला पहिल्यांदाच एका वाक्यात कळलं होतं.

"मग आन की जरासं. गुडघ्याला लावते. दोन दिवस माज्या फ्रीजात व्हतं, काय हाय ते ठावं नव्हतं म्हून लावलं न्हाई."

हैबतराव खुर्चीत बसले. बरणीत अजून बोटभर अर्क उरला होता. कॉलेजच्या फ्रीजमध्ये होता, काचेच्या बरणीत, तीन सह्यांच्या अर्जावर मिळालेल्या. आणायला किती वेळ लागणार होता?

"न्हाई देता येत, आक्का."

"का?"

"उंदरावर झालंय फकस्त. मानसाला लावायचं तर अजून लई तपासायचं. तुला काय झालं-बिलं तर मी काय करू?"

"उंदराला देतोस," साळूबाई म्हणाली. "लिलाबाईच्या म्हशीनं घेतलं. सख्ख्या बहिनीला न्हाई."

"न्हाई."

"मानसाला कवा मिळंल?"

"सगळं नीट झालं तर धा-बारा वर्सांनी."

साळूबाई त्र्याहत्तर वर्षांची होती. तिने काही हिशेब केला असेल तर तो बोलून दाखवला नाही. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर चालू होता. हैबतरावांना वाटलं, आपण या बाईसाठी आयुष्यात काहीच केलं नाही. तिने स्वयंपाक केला, डबे भरले, मधुमेहाची पथ्यं सांभाळली, आणि आपण तिला सांगतोय की तुझी पाळी येईतो थांब. त्यांना फार वाईट वाटलं, आणि आपण बरोबर आहोत याचंही वाईट वाटलं.

ते उठले. स्वयंपाकघरातून खोबरेल तेलाची वाटी कोमट करून आणली, पलंगाच्या पायथ्याशी बसले आणि तिचा गुडघा हातात घेतला.

"हे लावतो. ह्येनं बरं व्हत न्हाई. जरा बरं वाटतं एवढंच."

हैबतराव हळूहळू चोळत राहिले, दुखेल तिथे बोट थांबवत, पुन्हा फिरवत. बऱ्याच वेळाने तिने डोळे मिटले.

"हात मऊ हायेत तुजे," ती म्हणाली.

"जन्मभर उंदीर धरलेत, आक्का. जरा जोर झाला की त्यांना दुखतं."

"बरं हाय उंदरांचं," साळूबाई म्हणाली आणि दुसरा गुडघा पुढे केला.